जुन्या फटफटीचा ब्रेक

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक दूधवाले दादा येतात. त्यांच्याजवळ येझदी फटफटी आहे. ती त्यांच्या वडिलांनी घेतलेली. वय तिचे तीस वर्षांच्या वर. रोज पहाटे मागे दोन किटल्या बांधून ते तालुक्याच्या गावी दूध घालतात.

एका संध्याकाळी दादा उशिरा आले. कोपर खरचटलेले, धोतराला चिखल. आम्ही विचारले, "काय झालं दादा? पडलात की काय?"

ते म्हणाले, "पडलो नाही मास्तर, पाडली. ओढ्याच्या उताराला एक पोर शेळीमागं धावत आली. ब्रेक दाबला तर गाडी थांबंना. मग काय करतो? बांधाला घातली गाडी. पोर वाचली. एक किटली गेली, तिचं काही नाही."

"ब्रेक तर परवाच नवा घातलात ना?"

"तेच तर! नवा घातला म्हणून जोरात होतो."

त्या दिवशी वर्गात धडा झाला नाही. सगळी मंडळी फटफटीवरच बोलत बसली. प्रत्येकाच्या घरी, नाही तर भावकीत, एखादी जुनी गाडी होतीच. कोणाची राजदूत, कोणाची बुलेट, कोणाची जावा. आणि प्रत्येकाचे गाऱ्हाणे एकच होते. जुन्या गाडीला भाग मिळत नाहीत. मिळतात ते बसत नाहीत. बसतात ते टिकत नाहीत.

मग आम्ही ठरवले की रविवारी दादांचे चाक उघडून बघायचे. आमच्या वर्गाला एक म्हातारे मिस्त्री येतात. त्यांनी उभा जन्म लेथवर काढला. हात पक्का, पण अक्षरओळख आत्ता होते आहे. त्यांनाच आम्ही त्या दिवसापुरते गुरू केले. त्या रविवारी आणि पुढे महिनाभर आम्ही जे शिकलो, ते या धड्यात लिहिले आहे.

थांबायला किती जागा लागते?

आधी एक हिशेब करू. ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे 11 मीटर पुढे जाते. समोर पोर आले, ते डोळ्यांनी पाहिले, हात ब्रेककडे गेला, एवढ्यात साधारण एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी 11 मीटर गेलेली असते.

त्यापुढे ब्रेकचे काम सुरू होते. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. ताशी 20 किलोमीटरला जी गाडी तीन मीटरांत थांबते, तिला ताशी 40 ला बारा मीटर लागतात. मागे दुधाच्या किटल्या असल्या, तर ब्रेकचे काम आणखी वाढते.

आता नव्या गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. एप्रिल 2019 पासून आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या 125 सी. सी.च्या वरच्या नव्या दुचाकींना चाक अडकू न देणारी एबीएसची सोय असावीच लागते. त्याहून लहान गाड्यांना एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागेल अशी सोय तरी असावी, असे तेव्हा ठरले. जुन्या फटफटीला यांतले काहीच नाही. तिला आहेत ते दोन साधे ब्रेक. तेच धड हवेत.

चाकाच्या पोटात काय असते?

रविवारी मिस्त्रींनी पुढचे चाक काढले आणि झाकण बाजूला केले. आत राखेसारखी काळी भुकटी साठली होती. एका तरुणाने फुंकर मारण्यासाठी तोंड पुढे केले. मिस्त्री एकदम ओरडले, "थांब! फुंकू नको!"

ते ओरडले ते बरोबरच होते. पूर्वी ब्रेकच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस नावाच्या दगडी धाग्याचा वापर होत असे. त्याची धूळ छातीत गेली की बाहेर येत नाही. पुष्कळ वर्षांनी फुप्फुसाचे दुखणे होते, कॅन्सरही होतो. जुन्या अस्तरात काय आहे हे बघून कळत नाही. म्हणून ही धूळ कधी फुंकू नये, हवेच्या नळीने उडवू नये, कोरड्या फडक्याने झटकू नये. तोंडाला मास्क बांधावा. साबणाचे पाणी टाकून धूळ भिजवावी आणि ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. ते फडके पिशवीत बांधून टाकून द्यावे. पोरांना जवळ येऊ देऊ नये.

धूळ काढल्यावर आतले सगळे स्पष्ट दिसले. मिस्त्रींनी एकेका भागावर बोट ठेवून नावे सांगितली. आम्ही ती फळ्यावर लिहिली.

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची गोल कडी. शू म्हणजे तिच्या आत बसणारे दोन अर्धगोल तुकडे, फुटलेल्या बांगडीच्या दोन अर्ध्यांसारखे. शूच्या पाठीवर खरखरीत अस्तर चिकटवलेले असते. गॅरेजात त्यालाच लायनर म्हणतात. शूची एक बाजू खुंटीवर टेकते. दुसऱ्या बाजूला कॅम असतो. कॅम म्हणजे एक चपटी खिळी. हँडलवरचा दांडा दाबला की केबल ओढली जाते, कॅम आडवा फिरतो, शू फाकतात आणि अस्तर ड्रमला घासते. दांडा सोडला की दोन स्प्रिंगा शूंना परत जवळ ओढतात. मागच्या ब्रेकचेही असेच. फक्त तिथे पाय दाबतो, आणि कुठे केबलच्या जागी लोखंडी दांडी असते.

दोन शूंपैकी एक जास्त काम करतो. असे का? दाराखाली लाकडी पाचर सारा आणि त्या बाजूने दार लोटा. पाचर आणखी घट्ट होते. तसेच फिरणारा ड्रम एका शूला आपल्याबरोबर ओढतो, आणि तो शू अधिकच आवळतो. दुसऱ्या शूला ड्रम मागे ढकलतो. म्हणून पहिल्या शूचे माप थोडे चुकले, तरी ब्रेकची तऱ्हा पार बदलते. एक तर ब्रेक लागत नाही, किंवा एकदम चाक धरतो.

नवा ब्रेक का लागला नाही?

दादांचे शू बाहेर काढले. अस्तर नवेकोरे होते. पण त्यावर घासल्याची खूण फक्त मधोमध, दोन बोटांएवढी. बाकीचे अस्तर ड्रमला लागलेच नव्हते. शूच्या टोकांना कानशीचे ओरखडे होते. कोणीतरी घासून घासून तो बसवला होता. मिस्त्रींनी व्हर्नियर लावले. शू ड्रमच्या जागेपेक्षा पाच मिलिमीटर अरुंद निघाला.

"हा तुमच्या गाडीचा नाहीच," मिस्त्री म्हणाले.

दादांनी हत्यारांच्या पेटीतून शूचे रिकामे पाकीट काढले. त्यावर इंग्रजीत छापले होते. आमच्यातल्या एका मुलीने वाचून दाखवले. दुसऱ्याच गाडीचे नाव होते!

दादा गप्प बसले. मग म्हणाले, "दुकानदार म्हणाला चालतंय, सगळ्याला हेच बसतंय. मिस्त्री म्हणाला घासून बसवतो. मला इंग्रजी वाचता येत नाही. पण आकडे तर येतात की मास्तर! जुना शू नेऊन मोजला असता, तर कळलं असतं."

दादांनी जे सांगितले, तेच या धड्यातले मुख्य सांगणे आहे. जुन्या गाडीचा भाग नावावर घेऊ नये. मापावर घ्यावा.

नाव का पुरत नाही?

येझदीचेच उदाहरण घेऊ. चेकोस्लोव्हाकिया देशातील जावा कंपनीच्या गाडीवरून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात 1961 पासून जावा फटफटी बनू लागली. 1973 पासून तिथल्या गाड्यांना येझदी हे नाव पडले. 1996 साली कारखाना बंद झाला. इतक्या वर्षांत गाड्यांच्या तऱ्हा बदलत गेल्या. शिवाय वापरणाऱ्यांनीही एका गाडीचे चाक दुसऱ्या गाडीला घातले. आज तुमच्या गाडीला तिचेच मूळ चाक आहे, हे कोणी सांगावे?

पुढे 2018 साली जावा आणि 2022 साली येझदी ही नावे दुसऱ्या कंपनीने परत बाजारात आणली. पण या गाड्या पूर्ण नव्या आहेत. त्यांच्या पुढच्या चाकाला ड्रम नाही, तेलाच्या दाबावर चालणारा डिस्क ब्रेक आहे. त्याचे भाग जुन्या गाडीला बसत नाहीत. दुकानात नुसते "येझदीचा ब्रेक द्या" म्हटले, तर कोणती येझदी, हा प्रश्न उरतोच. राजदूत आणि बुलेट यांच्याबाबतही असेच. राजदूत आता बनत नाही. बुलेट अजून बनते, पण आजची बुलेट आणि तुमच्या चुलत्याची बुलेट यांचे ब्रेक एक नव्हेत.

कोणता भाग कुठून आणावा?

मिस्त्रींनी सगळे भाग गोणपाटावर मांडले आणि त्यांचे चार ढीग केले.

पहिला ढीग म्हणजे आकड्यावर मिळणारे भाग. यात चाकाचे बेअरिंग आणि ऑइल सील येतात. तुम्ही म्हणाल, ब्रेकच्या कामात बेअरिंग कशाला? बेअरिंग झिजले की चाक डुलते, आणि ड्रम शूला वाकडा लागतो. सील गळले की आतले ग्रीस अस्तरावर येते. ग्रीस लागलेले अस्तर म्हणजे शेवाळलेली पायरी, पाय ठरत नाही. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. समजा 6203 आहे. त्याचा अर्थ आतले भोक 17 मिलिमीटर, बाहेरचा व्यास 40, जाडी 12. हा नंबर कोणत्याही चांगल्या कंपनीचा घ्या, मापे हीच असतात. सीलवरही आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे तीन आकडे छापलेले असतात. म्हणून हे भाग गाडीच्या दुकानातच मिळतील असे नाही. बेअरिंगच्या दुकानातही मिळतात. गाडी कितीही जुनी असो.

दुसरा ढीग म्हणजे शू. नवे शू मापाचे मिळाले तर उत्तमच. नाही मिळाले, तर जुने मूळ शू टाकू नका! शूचा सांगाडा ॲल्युमिनियमचा किंवा लोखंडाचा असतो. तो तडकला नसेल, वाकला नसेल, तर त्यावर नवे अस्तर चढवता येते. ट्रक आणि मोटारींच्या ब्रेकला लायनिंग चढवणारी दुकाने मोठ्या गावांत असतात. ते जुने अस्तर काढतात, सांगाडा साफ करतात आणि नवे अस्तर डिंकासारख्या पक्क्या लुकणाने चिकटवून भट्टीत भाजतात. काही ठिकाणी तांब्यापितळेच्या मऊ रिव्हेटांनी ठोकतात. रिव्हेटचे डोके अस्तराच्या आत बुडालेले पाहिजे. ते वर आले तर ड्रमवर खाचा पाडते. अस्तर अॅस्बेस्टॉस नसलेले मागा.

दादांच्या वडिलांनी मूळ शू फेकले नव्हते. गोठ्याच्या माळ्यावर एका डब्यात ते सापडले. दादांना काय आनंद झाला म्हणता!

तिसरा ढीग म्हणजे लेथवर दुरुस्त होणारे भाग. ड्रम आतून झिजतो, त्यावर रेघा पडतात, कधी तो लंबगोल होतो. ड्रम लंबगोल झाला की ब्रेक दाबल्यावर दांडा हाताला उचकी दिल्यासारखा लागतो. असा ड्रम लेथवर आतून साफ करून घ्यावा. काम आरे आणि रिम चाकाला असतानाच करावे, कारण आऱ्यांच्या ताणाने ड्रमचा आकार किंचित बदलतो. साफ करताना अगदी थोडा पदर काढावा. कित्येक ड्रमवर सगळ्यात मोठे चालणारे माप कोरलेले असते. त्यापलीकडे गेलेला ड्रम बाद समजावा. पातळ ड्रम तापून तडकतो. आणि ड्रम मोठा झाला की अस्तर त्या मानाने जाड घ्यावे लागते. म्हणून आधी ड्रम, मग अस्तर. हा क्रम उलटा करू नका. कॅम ज्या भोकात फिरतो ते भोक सैल झाले असेल, तर टर्नर त्यात गनमेटलचा बुश करून बसवतो.

चौथा ढीग म्हणजे जुन्या बाजारात शोधायचे भाग. ब्रेकचे झाकण, कॅम, कॅमवरचा हात, मूळ ड्रम. हे मोडलेल्या गाड्यांतून मिळतात. पुण्याला नाना पेठेत दुचाकीच्या भागांची दुकाने आहेत, आणि जुना बाजार आहे. मुंबईला ऑपेरा हाऊस भागात गाड्यांच्या भागांची जुनी पेठ आहे. बंगळुरूला जे. सी. रोड आणि दिल्लीला करोल बाग यासाठी नावाजलेले आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ओतकाम आणि लेथकाम होते. पण लांब जाण्याआधी गावातल्या जुन्या गॅरेजवाल्याला विचारा. त्याच्या पोत्यात काय निघेल सांगता येत नाही.

जुन्यातले घेऊ नयेत असे भागही आहेत. जुने अस्तर, जुनी स्प्रिंग आणि जुनी केबल कधी घेऊ नका. दुसऱ्याने वापरलेल्या अस्तराने किती ग्रीस प्यायले आहे, हे वरून दिसत नाही. स्प्रिंग ताणून सैल झाली असेल तर शू परत येत नाहीत आणि ब्रेक घासत राहतो. वेल्डिंग केलेला शू फुकट मिळाला तरी घेऊ नका.

केबल करून मिळते

पुढच्या ब्रेकची केबल तयार मिळाली नाही, तरी घाबरू नका. केबल करून देणारे कारागीर असतात. त्यांना जुनी केबल नेऊन द्यावी. तिची मापे दोन आहेत हे विसरू नका. एक बाहेरच्या कवचाची लांबी. दुसरे आतल्या तारेची लांबी. नुसते एकच माप दिले, तर केबल आखूड तरी होते नाही तर ढिली तरी. तारेच्या टोकाला जो मणी असतो त्याला निपल म्हणतात. निपल पक्के बसावे म्हणून तारेचे धागे टोकाला फुलवून मग त्यावर डाख ओततात. धागे न फुलवता लावलेले निपल जोर येताच निसटते. तारेचा एक जरी धागा तुटलेला दिसला, तरी केबल त्याच दिवशी बदला. बाकीचे धागे पाठोपाठ जातात.

पाकीट आणि पावती

नवा भाग घेताना पाकीट वाचा. पाकीटबंद मालावर बनवणाऱ्याचे नाव आणि पत्ता, महिना आणि वर्ष, नग किती, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असावा, असा 2011 चा नियम आहे. नुसते चकचकीत चित्र आणि मोठे नाव असेल, पण पत्ता नसेल, तर ते पाकीट परत ठेवा. वाचता येत नसेल तर दुकानदारालाच म्हणावे, "भाऊ, पत्ता कुठं आहे तेवढं बोट ठेवून दाखवा." यात लाज कसली?

पक्की पावती मागा. तीवर भागाचे नाव, गाडीचे नाव आणि तारीख लिहून घ्या. माल खोटा निघाला तर पावतीशिवाय तक्रार उभी करणे अवघड जाते. ग्राहकांसाठी 1915 हा सरकारी मदतीचा नंबर आहे. तिथे मराठीतही बोलता येते.

बसवताना आणि नंतर

भाग आले म्हणजे ब्रेक झाला असे नाही. मिस्त्रींनी बसवताना जे केले ते थोडक्यात सांगतो.

कॅम आणि खुंटी पॉलिश पेपरने घासून त्यांना बोटभर नव्हे, नखभर ग्रीस लावले. मग हात धुऊनच अस्तराला हात लावला. नव्या अस्तरावर खडू फासला. चाक बसवून, ब्रेक हलका दाबून, दोन-चार फेरे दिले आणि परत उघडले. जिथला खडू पुसला तिथेच अस्तर लागते आहे हे कळले. उंच भाग पॉलिश पेपरने ओल्याने हलका घासला. असे तीनदा केले, तेव्हा खडू बराचसा सगळीकडे पुसला गेला.

चाकाच्या आसाचा नट आवळताना त्यांनी दादांना ब्रेकचा दांडा दाबून धरायला सांगितले. त्यामुळे शू ड्रमच्या बरोबर मध्यावर येतात. ब्रेकचे झाकण चाकाबरोबर फिरू नये म्हणून कुठे पट्टी असते, कुठे खाच असते. ती नीट अडकली आहे ना, पट्टीच्या बोल्टला स्प्लिट पिन आहे ना, हे त्यांनी दोनदा पाहिले. हा बोल्ट गळून पडला, तर झाकणच गरगर फिरते आणि चालत्या गाडीचे चाक अडकते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर कॅमवरचा हात आणि केबल यांचा साधारण काटकोन व्हावा. हात त्याहून फार पुढे जात असेल, तर अस्तर संपले, ड्रम मोठा झाला किंवा शू चुकला, यांतले एक काहीतरी आहे. नवे अस्तर बहुधा 4 मिलिमीटरच्या आसपास असते. ते 2 मिलिमीटरवर आले की बदलावे.

पहिली परीक्षा शाळेच्या मोकळ्या मैदानावर झाली. किटल्या नाहीत, मागे कोणी नाही. आधी सायकलच्या वेगाने, मग थोडे वाढवून. नवे अस्तर पहिले काही दिवस पूर्ण पकडत नाही. ते ड्रमशी घासून जुळावे लागते. तोवर जड ओझे आणि घाट टाळावा.

आणि घाटाची एक गोष्ट. उतारावर ब्रेक सारखा दाबून धरला तर ड्रम तापतो, फुगतो, आणि अस्तराची पकड सुटते. म्हणून खालच्या गिअरात उतरावे. पण येझदी, राजदूत या दोन-स्ट्रोक गाड्या. त्यांचे इंजिन उतारावर गाडीला तितके आवरून धरीत नाही. म्हणून अशा गाडीने मुळातच सावकाश उतरावे. ब्रेक सोडून सोडून, दोन्ही मिळून वापरावेत. जळका वास आला तर थांबावे, चाक थंड होऊ द्यावे. ड्रमवर पाणी ओतू नये, तापले बीड तडकते.

मापाची चिठ्ठी

शेवटी आम्ही वर्गात एक चिठ्ठी तयार केली. दादांनी ती स्वतःच्या हाताने लिहिली. त्यांची अक्षरे अजून ओळीवर बसत नाहीत, पण आकडे ठसठशीत आहेत. ती चिठ्ठी अशी. तुम्हीही वहीत उतरवून घ्या आणि मोकळ्या जागी तुमच्या गाडीची मापे भरा.

गाडीचे नाव आणि वर्ष : ______
ड्रमचा आतला व्यास : ______ मिलिमीटर
शूची रुंदी : ______ मिलिमीटर
अस्तराची जाडी : ______ मिलिमीटर
खुंटीची जाडी : ______ मिलिमीटर
स्प्रिंगची लांबी, आकड्यापासून आकड्यापर्यंत : ______ मिलिमीटर
केबल, बाहेरचे कवच : ______ सेंटिमीटर
केबल, आतली तार : ______ सेंटिमीटर
बेअरिंगचा नंबर : ______
सीलचे तीन आकडे : ______
ब्रेक उघडून पाहिल्याची तारीख : ______

पुढच्या चाकाची चिठ्ठी वेगळी, मागच्या चाकाची वेगळी. चिठ्ठीबरोबर जुना भागही पिशवीत घालून न्यावा. दुकानातच नवा भाग जुन्यावर ठेवून पाहावा, मग पैसे द्यावेत. "घासून बसवतो" असे कोणी म्हणाले, तर तो भाग घेऊ नये.

दादांची येझदी आता धड थांबते. भाग गोळा करायला महिना गेला. तो महिनाभर दादांनी दूध शेजाऱ्याच्या गाडीवरून पाठवले, त्याचे भाडे दिले. कोणी म्हणाले, "दादा, एवढ्यासाठी कशाला खोळंबलात? हळू चालवायची होती." दादांनी उत्तर दिले नाही. पण परवा आम्ही त्यांच्या गाडीमागे बसून ओढ्याच्या उताराने गेलो. ती शेळीवाली पोर तिथेच बांधावर उभी होती. दादांनी गाडी थांबवली, पार उभी केली, आणि तिला म्हणाले, "जा पोरी, तू आधी जा."